एका शिट्टीची चित्रं

विद्यानगर, हैदराबाद
२४ जून २०२५

गौरी,

वर 'चि. सौ.' लिहावं की नाही, यातच माझा चहा गार झाला. कोर्टात अर्ज पडलाय, निकाल नाही. तेव्हा तू अजून सौ. आहेस की नाहीस हे वकिलालाच विचारावं लागेल. म्हणून नुसतं गौरी. राग मानू नकोस.

अक्षर ओळखलं असशील. तुझी सासू लिहितेय. ती तरी आता कितपत, देव जाणे.

कामाचं बोलते. मी चित्रं काढणं सोडलेलं नाही. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी कुकटपल्लीला तुमच्या फ्लॅटवर येऊन पडले होते, तेव्हा तू माझ्या हातात पेन्सिल दिलीस. म्हणालीस, आई, दुखणं विसरायला टीव्हीपेक्षा हे बरं. एका मिनिटात माणूस काढायचा. नाकडोळे नाहीत, खोडरबर नाही. आधी एक लांब रेघ, माणूस कुठं कलतोय त्याची. मग भार कुठल्या पायावर आहे ते बघायचं. उरलेलं नंतर, वेळ राहिला तर. मी पहिला काढला तो तुमचा वॉचमन. बघणाऱ्याला पाण्याचा ड्रम वाटला असता. तू हसली नाहीस. कागदाखाली दोन ओळी लिहिल्यास. पोचलं: बसण्याचा जडपणा. राहिलं: पाय.

अडुसष्ट वर्षांत माझ्या कामाची अशी तपासणी कुणी केली नव्हती. स्वयंपाकाला एक तर कुणी काही बोलत नाही, नाहीतर मीठ जास्त झालं म्हणतात.

तू पुण्याला निघून गेलीस त्याला तीन महिने झाले. मी काढते आणि गादीखाली ठेवते. चांगलं झालं की वाईट, सांगायला कुणी नाही. यांना दाखवलं तर म्हणतात, छान. तुला माहितीये, तुझ्या सासऱ्यांना ऐकू कमी येतं, आता दिसतंही कमी की काय कोण जाणे. म्हणून काही कागद सोबत पाठवतेय. जमलं तर खाली दोन ओळी लिहून परत कर. दुसरं काही लिहायची गरज नाही. मीही दुसरं काही विचारणार नाही.

फोटो काढून पाठवता आले असते, पण माझं व्हॉट्सॅप विक्रमनं त्याच्या कंप्युटरला जोडून ठेवलंय. मला त्रास नको म्हणून, सगळं तोच बघतो. तुमचा फ्लॅट भाड्यानं देऊन तो आता आमच्याकडेच असतो. घरून काम करतो. तेव्हा पोस्टच बरं. उत्तर खालच्या मजल्यावरच्या कुसुमताईंच्या नावानं पाठव. बाई बोलघेवडी आहे, पण पोटात ठेवते.

वेळ मोजायला फोनचा गजर लावायचे, तर विक्रम विचारायला लागला, सारखं काय वाजतंय. मग मी कुकर धरला. एक शिट्टी, एक माणूस. ओट्यासमोरच्या खिडकीतून बसस्टॉप दिसतो. युनिव्हर्सिटीची पोरं तिथं ताटकळत असतात. डाळ शिजते, तेवढ्यात तीही होतात.

तुझी
भामा
('आई' लिहिणार होते, हात थांबला.)

*

विद्यानगर
२० जुलै

गौरी,

तुझं पाकीट मिळालं. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. पण एकेका कागदाखाली दोन ओळी आहेत. ओट्यापाशी उभ्यानंच सगळ्या वाचल्या. भात लागला. आज सगळ्यांनी करपलेला खाल्ला, तुझ्या कृपेनं.

शिट्टी म्हणजे मिनिट नव्हे, लिहितेस. बाई, मला कळतं. पहिली शिट्टी मी धरतच नाही. एकदा वाफ धरली की पुढच्या शिट्ट्या नेमानं येतात. तू कधी डाळ शिजवलीस म्हणून तुला ठाऊक. (हे उगाच. तुझ्या हातचं वरण यांना आवडायचं, अजून नाव काढतात.)

खांद्याची रेघ आणि कमरेची रेघ उलट्या दिशेनं कलतात, ते आता दिसायला लागलं. इतकी वर्षं माणसं बघितली आणि हे बघितलंच नव्हतं. रस्त्यात बायका दिसल्या की मी आधी त्यांच्या कमरा बघते. या वयात ही एक नवीन लाज.

आणि ते तू लिहिलंस की माझी माणसं झाडासारखी उभी आहेत, कुणी कशाला टेकत नाही, टेकलेली माणसं काढा. ते मनाला लागलं, पण खरं होतं. म्हणून रिक्षा करून अंबरपेठच्या बाजारात गेले. लग्न होऊन आले ते तिथंच, गल्ल्या पायाखालच्या आहेत. एका भाजीवालीच्या शेजारी पोत्यावर बसले आणि टेकलेले लोक शोधले. खांबाला टेकलेला, हातगाडीला टेकलेला, एक म्हातारा तर नुसता स्वतःच्या छत्रीला टेकलेला. भाजीवाली म्हणाली, 'क्या अम्मा, लिख लेको पोलीस कू देते क्या?' मी म्हटलं, नक्को बाई, सूनबाईला देते. तोंडातून निघून गेलं.

तुझ्या फ्लॅटमधला तो दिवस आठवतो का? विक्रम ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावून गेला आणि आपण दोघी आत. संध्याकाळपर्यंत. आपण बाल्कनीत बसून दिवसभर खालची माणसं काढली. फेरीवाला, पाण्याचा टँकरवाला, व्यायाम करणारी ती जाडी बाई. किती हसले मी. सवयीनं लागलं असेल कुलूप, असं मी म्हटलं होतं. तू नुसते कागद पुढं सरकवलेस. पण हात त्या दिवशी जो मोकळा झाला तो झालाच.

या वेळच्या कागदांत एक घरातला आहे, गच्चीवरचा. कोण आहे ते ओळखशील.

गुडघा बरा आहे. बाकी सगळं तसंच. थकवा येतो. सकाळी उठतानाच आलेला असतो.

भामा

*

विद्यानगर
५ सप्टेंबर

गौरी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण रागावले होते. अजून आहे. तू मास्तरीण असशील तुझ्या गेमच्या कंपनीत, दिवसभर मारामारी करणारी माणसं काढत असशील, पण एका आईला असं लिहितात का?

तुझंच तुला परत वाचून दाखवते. गच्चीवरच्या कागदाखाली 'पोचलं'पुढं काही नाही. मग: 'राहिलं: हा एका मिनिटाचा नाही. बाकीची माणसं चाललीत, वळतायत, याला धरून ठेवलाय. पापण्या काढल्यात. मान एवढी खाली गेली तर पाठ वाकते, ती ताठ आहे, म्हणजे मान नंतर वाकवलीय. बाकीच्यांना जेवढा वेळ दिला तेवढाच याला द्या. नाहीतर याला काढू नका.'

पहिल्यांदा वाचून मी कागद फाडणार होते. मग चष्मा लावून मान बघितली. बघितली आणि ठेवून दिला.

हौ. गॅस बारीक केला होता.

तो गच्चीत फोनवर बोलत होता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दिसत होता. शिट्टी जवळ आली असं वाटलं की मी गॅस बारीक करायचे, मग जरा मोठा, मग परत बारीक. डाळीचा पार लगदा झाला. मला तो नीट काढायचा होता. किती वाळलाय, डोळ्याखाली कसं काळं झालंय, ते तुला दिसावं म्हणून. मान मीच वाकवली. तो मान वाकवून उभा राहत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मनातून तो तसाच असेल असं मला वाटतं.

आता एवढं निघालंच आहे तर ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तू परत यावंस असं मला वाटतं. पहिल्या पत्रात दुसरं काही विचारणार नाही म्हटलं ते खोटं होतं. चित्रं शिकायचीच होती, ते खरं. पण प्रत्येक पाकीट टपालात टाकताना मी मनात म्हणत होते, येईल, येईल. यातच पाघळेल आणि येईल.

का यावंस ते मला नीट सांगता येत नाही. घरात कुणी बोलत नाही. हे टीव्हीचा आवाज मोठा करून बसतात आणि विक्रम येऊन तो बंद करतो. जयवंता, आपली कामवाली, पूर्वी भांडी घासताना गाणी म्हणायची, आता येते नि जाते. मी तिघांचं वाढते, तिघांचं काढते. तू असताना निदान दुपारी कागद असायचा आणि शेजारी बसून कुणी 'पाय बघा आई, पाय' म्हणायचं. मला मुलगी झाली नाही. झाली असती तर ती दुपारी अशीच बसली असती, एवढंच मला वाटायचं. आता ते संपणार आणि माझी सहीसुद्धा कुणी विचारणार नाही.

तो वाईट नाही गं. हात उगारला नाही त्यानं कधी. दारू नाही, काही नाही. जरा हेकट आहे. त्याचा आजोबा तसा होता, काका तसा होता, आम्ही सगळ्यांनी निभावलं. तूही जरा थांबून बघ. कोर्टाची तारीख सतरा नोव्हेंबर आहे म्हणे. अजून वेळ आहे.

मी फार थकलेय गौरी. हे कुणाला तरी सांगायचं होतं.

आई
(या वेळी लिहिलं. खोडायचं असेल तर तू खोड.)

*

विद्यानगर
३ ऑक्टोबर

गौरी,

'मी परत येणार नाही. कागद पाठवत राहा.' एवढीच दोन वाक्यं. बरं. निदान दुसरं वाक्य लिहिलंस.

त्याच्याखाली नवा अभ्यास: 'एकटा माणूस पुरे झाला. आता एका कागदावर दोघंतिघं घ्या. वेळ तेवढाच. एक हलला की दुसरा कसा हलतो ते बघा. माणसांमधली रिकामी जागासुद्धा काढायची असते.' आठ दिवस मी यावर डोकं फोडलं. एकाला काढेपर्यंत दुसरा निघून जातो. मी काय दोन हातांनी काढू?

पण बतुकम्मा आली आणि जमलं. आपल्या सोसायटीच्या पटांगणात फुलांचा तो मनोरा मध्ये ठेवून बायका गोल फिरतात, वाकून टाळी, उठून टाळी. एकीला काढावंच लागत नाही. सगळ्यांची मिळून एकच लांब रेघ निघते, मग तिच्यावर डोकी ठेवायची. कुसुमताई म्हणाल्या, तुम्हीही या की फेऱ्यात. मी म्हटलं गुडघा. खरं म्हणजे मला काढायचं होतं. बरोबर कुकर नव्हता, म्हणून गाण्याचं एक कडवं झालं की कागद उलटायचा, असं केलं. सगळे कागद पाठवलेत. लाल साडीवालीचा हात राहिला, ते मला माहीत आहे, लिहायची तसदी घेऊ नकोस. बाकी मला तरी वाटतं पोचलंय. असं आपलं आपण म्हणू नये, पण त्या रात्री पाय दुखत असूनही मला चांगली झोप लागली.

घरातली मात्र बिघडतायत. जेवणाच्या टेबलावरचे तीनचार कागद बघ. तुझं ऐकून मोठ्या गॅसवर काढले आहेत, कुणाला जास्त वेळ दिलेला नाही. तिथं माझ्याकडून एक चूक परत परत होतेय आणि ती का होतेय ते कळत नाही. मधे विक्रम आहे, तो बरा येतो. पण हे, तुझे सासरे, दर वेळी कागदाबाहेर कलतात. खुर्ची सरळ आहे, मी उठून बघितली. तरी ते पडतील असेच येतात. आणि जयवंता पोळ्यांचा डबा घेऊन दारात आहे, तिचा भार मागच्या पायावर जातो, उंबऱ्याबाहेर. डबा पुढं धरलेली बाई मागच्या पायावर कशी उभी राहील? तोल जाईल तिचा. दोनदा खोडावंसं वाटलं, पण खोडायचं नाही म्हणून ठेवलं.

काय चुकतंय ते सांग. खांदा की कंबर?

दसऱ्याला विक्रमनं आपट्याची पानं आणली. मला म्हणाला, तुझ्या सुनेला पाठव. मी चपापले. मग म्हणाला, गंमत केली. तो कधी कधी अशी गंमत करतो.

आई

*

विद्यानगर, हैदराबाद
१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. गौरी हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तुझे व घरच्यांचे क्षेम कळवावे.

पत्रास कारण की, सतरा तारखेस तुला कोर्टाच्या कामासाठी हैदराबादला यावेच लागणार आहे. तरी तू पंधरा तारखेलाच यावे व मुक्कामाला आपल्या घरीच उतरावे अशी आमची सर्वांची इच्छा आहे. हॉटेलात उतरणे आपल्या घराण्याला शोभत नाही. तुझ्या सासऱ्यांची प्रकृती अलीकडे ठीक नसते व ते तुझी सारखी आठवण काढतात. विक्रमने पुष्कळ विचार केला आहे व त्याच्या स्वभावात फार बदल झाला आहे. दोन दिवस एकत्र राहिल्याने मने मोकळी होतील. कोणीही तुझ्यावर कसलीही सक्ती करणार नाही.

स्टेशनवर घ्यायला विक्रम गाडी घेऊन येईल. गाडीची वेळ फोनवर कळवावी.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी सासू
सौ. भामा अप्पाराव

*

विद्यानगर
४ नोव्हेंबर

गौरी,

परवाचं पत्र मिळालं असेल. अक्षर माझं आहे. एक वाक्यसुद्धा माझं नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी 'क्षेम' लिहिलेलं नाही.

झालं ते असं. तुझं शेवटचं पाकीट कुसुमताईंकडं जायचं ते वॉचमननं आमच्याकडं आणून दिलं, विक्रमच्या हातात. त्यावर पुणे बघून त्यानं फोडलं. तो ओरडला नाही. संध्याकाळी टेबलावर सगळे कागद एकावर एक नीट ठेवले, त्यावर पंजा ठेवला आणि म्हणाला, आई, छान काढतेस. मग म्हणाला, तुझं ती ऐकते, तर जरा उपयोगाचं लिही. मी सांगतो.

मला बरं वाटलं गं, हे तुला सांगायला हवं. क्षणभर मला फार बरं वाटलं. वाटलं, यालाही ती हवीय. मीही तेच मागत होते की. मी लगेच पॅड घेतलं, पेन घेतलं. तो उभ्यानं सांगत होता, मी लिहीत होते. समोर हे बसले होते, जयवंता दारात होती. 'पुष्कळ विचार केला आहे' इथपर्यंत आलो आणि त्याला फोन आला. तो खिडकीकडं तोंड करून बोलायला लागला. पंजा मात्र टेबलावरच, कागदांवर.

हातात पेन होतं, समोर मोकळा कागद होता. मी काही ठरवलं नाही. सवयीनं हात चालला. लांब रेघ, भार, आणि उरलेलं. तो फोनवर 'येस, येस' म्हणत होता तेवढ्यात झालंसुद्धा, आणि मी ते पान पॅडच्या तळाला सरकवलं. त्यानं परत सांगायला सुरुवात केली, मी परत लिहायला. रात्री सगळे झोपल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, तो कामाच्या मीटिंगमध्ये असताना ते पान काढून बघितलं.

तोच कागद सोबत आहे. मधे विक्रम, पाठमोरा. त्याचं तोंडही आमच्याकडं नाही. हे परत बाहेर कललेले. जयवंता परत मागच्या पायावर. माझ्या मनात आलं, बघ, तीच चूक. आणि मग तुझं पाकीट आठवलं. त्यानं फोडलेलं असलं तरी तुझ्या ओळी मी वाचल्या होत्या. टेबलावरच्या चारही कागदांखाली तू 'राहिलं'पुढं काही लिहिलं नाहीस. नुसतं, 'पोचलं: सगळं. चूक नाही. आहे तसंच आलंय.' मला वाटलं होतं तू कंटाळलीस, तपासायचं म्हणून तपासलंस.

यांना ऐकू येत नाही. म्हणजे त्याच्या आवाजाला ते दचकत नाहीत. तो बोलतही नव्हता त्यांच्याशी. तो फक्त तिथं उभा होता आणि एक हात टेबलावर होता, आणि माझा नवरा, पंच्याहत्तरीचा माणूस, ज्यानं त्याला खांद्यावर बसवून नुमाइशची जत्रा दाखवली, तो खुर्चीच्या त्या टोकाला गेला होता. रोज जातो. मी रोज वाढते आणि बघत नाही.

मग टेबल बघितलं. ते फार लांब आलंय, मधे रिकामी जागा खूप. एवढं लांब का काढलं मी? मी तर टेबलाशी बसून लिहीत होते. उठून माझी खुर्ची बघितली, फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे आहेत. मी मागं सरकले होते. लिहिता येईल एवढा हात पुढं, आणि बाकी सगळी मी मागं.

त्या चित्रात मी नाही, असं मला वाटलं होतं.

मग गादीखालचे जुने कागद काढले, कुकटपल्लीचे. त्यात तुझा एक आहे. तू गॅसपाशी उभी, आणि विक्रम पाणी प्यायला आत आलाय. तो काढलेला नाही, फक्त त्याची बाही आलीय कडेला. तुझा सगळा भार बाहेरच्या पायावर, गॅलरीच्या दाराकडं. तू तो कागद तपासला होतास. खाली लिहिलंस, 'राहिलं: भार. मी अशी उभी राहत नाही.' आणि मी तुझं ऐकून शेजारी दुसरी काढली, सरळ. ती तुला आवडली होती. त्याला 'पोचलं' मिळालं. नंतर कुलूप लागलं त्या दिवशीही आपण दोघींनी सवयीवर ढकललं आणि बाल्कनीत जाऊन बसलो.

गौरी, तू मला जे शिकवलंस त्यात मी कधी शब्द काढला नाही. पण तो कागद तू चुकीचा तपासलास. पहिली बरोबर होती. तू तशीच उभी राहायचीस. कोपऱ्यात बरोबरची खूण करून तोही सोबत पाठवतेय. तुझ्या कागदावर मी खूण करावी एवढी मी मोठी नाही, पण केली.

काल जेवताना तो म्हणाला, एकदा घरात आली की मी बघतो. हे मला सांगितलं, आमटी वाढून घेत. कसं बघणार, काय बघणार, हे मी विचारलं नाही. मी तिथंही मागं सरकले असणार.

कुसुमताईंच्या फोनवरून तुझ्याशी बोलता आलं असतं. पण हे तोंडानं माझ्याच्यानं होणार नाही. माझा मुलगा आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तोंड उघडलं तर मी रडेन आणि रडताना परत त्याची मान वाकवेन, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय.

तू पंधराला येऊ नकोस. सतराला सकाळी उतर, तुझ्या भावाला, हर्षदला, बरोबर आण. एकटी येऊ नकोस. कोर्टात जा, सही कर आणि परस्पर स्टेशनवर जा. जेवायला थांबू नकोस. यांना बघायला येऊ नकोस, त्यांची प्रकृती ठीक आहे, तो तुला सांगेल की ठीक नाही. मी आजारी आहे असं सांगेल. असले तरी येऊ नकोस.

माझी काळजी करायची नाही. मी त्याची आई आहे, मला सही करून सुटता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेवढी उमेदही नाही. जयवंताला मी सांगितलंय, डबा दारात ठेवून जात जा, आत येऊ नकोस. यांची खुर्ची माझ्या बाजूला घेतलीय. आज विक्रमनं विचारलं, ही इकडं का. मी म्हटलं, मला इथं बरी वाटते. तो बराच वेळ बघत राहिला. मी भात कालवत राहिले. एवढंच जमलं.

तू यावंस असं मला अजूनही वाटतं. रोज दुपारी वाटतं. ते जाणार नाही, आणि तुझ्यापासून लपवतही नाही.

पण तो तिथं कोर्टात, सगळ्यांसमोर, हात जोडून तुला म्हणेल की आईनं बोलावलंय. ते आधीचं पत्र दाखवेल, त्यानं त्याची कॉपी काढून ठेवलीय. वकिलालाही दाखवेल. अक्षर माझंच आहे, सहीही माझीच आहे. तू हे पत्र बरोबर ठेव आणि गरज पडली तर सगळ्यांसमोर वाच.

मी बोलावलेलं नाही.

भामा